गुप्तरोगांची तपासणी



शिक्षकाने बोलायचे म्हणजे शिक्षणावरच, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु मी आज असा विषय घेतला आहे की त्याचे नाव निघताच घरातील वडीलधारी माणसे मुलांना बाहेर पाठवतात. कामजीवनावर मोकळेपणाने लिहिल्याबद्दल रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या १९२७ साली निघालेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले होते. आता खटल्याचे भय नाही. लाज मात्र तशीच आहे.

आपले सुरत हे पोटासाठी आलेल्या माणसांचे शहर. खानदेशातून येऊन उधना-लिंबायत भागात मागावर राबणारे कितीतरी तरुण महिनोन्‌महिने कुटुंबापासून दूर राहतात. त्यांतल्या एखाद्याला जखम झाली, लघवीला जळजळ सुटली, तर तो भिंतीवरची जाहिरात वाचून भोंदू वैद्याकडे जातो. पैसा जातो, रोग अंगात राहतो, आणि सुटीत गावी गेला की तो बायकोच्या वाट्याला येतो. एकाच्या लाजेची किंमत दुसऱ्याने भरायची, हा कुठला न्याय?

वास्तविक तपासणी साधी असते. डॉक्टर प्रथम विचारपूस करतात व अंग तपासतात. उपदंश, म्हणजे ज्याला आपण गरमी म्हणतो, तो रक्तावरून कळतो. त्यासाठी ‘व्ही.डी.आर.एल.’ ही चाचणी करतात. ती गरोदरपणात किंवा दुसऱ्या आजारातही कधी कधी सदोष येते, म्हणून ‘टी.पी.एच.ए.’ ही दुसरी चाचणी करून खात्री करून घेतात. परमा आणि क्लॅमिडिया यांसाठी लघवीचा नमुना किंवा कापसाच्या काडीवर घेतलेला स्राव पुरतो. एच.आय.व्ही. आणि कावीळ ‘ब’ यांसाठी रक्तच लागते. सरकारी केंद्रात एच.आय.व्ही.चे निदान वेगवेगळ्या तीन चाचण्या जुळल्याशिवाय पक्के मानीत नाहीत. तेव्हा पहिल्याच कागदावरून कुणाच्या चारित्र्याचा निकाल लावू नये, की सोयरीक मोडू नये. उलट, लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर चाचणी निर्दोष दिसू शकते. म्हणून डॉक्टर पुन्हा बोलावतील तेव्हा जावे.

भगिनींना विशेष सांगावयाचे ते असे. क्लॅमिडिया पुष्कळदा काही लक्षण न दाखवता राहतो, आणि उपचार न झाल्यास गर्भनलिकांना इजा होऊन मूल होण्यास अडचण येते. आपल्या घरांत अशा वेळी बोल लावला जातो तो सुनेला, आणि मुलाची तपासणी करण्याचे कुणाला सुचत नाही. नवराबायको दोघांची तपासणी आणि दोघांचा उपचार बरोबर झाला, तरच रोग हटतो. एरवी एकाकडून दुसऱ्याकडे तो फिरत राहतो.

उपचाराचीही भीती नको. सुरुवातीचा उपदंश पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनाने बरा होतो. एच.आय.व्ही. मुळापासून जात नाही, पण २००४ सालापासून सरकारी केंद्रांत औषध मोफत मिळते, आणि ते नियमित घेणारा माणूस दीर्घ आयुष्य जगतो.

आपल्या शहरात नवी सिव्हिल आणि स्मीमेर ही मोठी रुग्णालये आहेत. तेथे जाण्यास संकोच वाटत असेल, तर १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करून सल्ला घेता येतो. ‘गोष्ट फुटली तर?’ असे कुणी विचारील. एच.आय.व्ही.विषयी २०१७ साली कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. त्याप्रमाणे संमतीवाचून तपासणी करता येत नाही, आणि निकाल सहसा दुसऱ्याला सांगता येत नाही.

न्यासाच्या सभासदांना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या घरात लेक किंवा सून गरोदर असेल, तर पहिल्या महिन्यांतच एच.आय.व्ही. आणि उपदंशाची तपासणी करून घ्या. वेळेवर कळले तर बहुतेक बाळे या रोगांतून वाचवता येतात. आणि तिच्याबरोबर तिच्या नवऱ्यालाही पाठवा. तो कामाच्या गडबडीत आहे, ही सबब ऐकू नका.