दव एकच, भात दोन

गेल्या वर्षी नवरात्रात सकाळीच टोकावड्याच्या एका खाचरात उभा होतो. मालशेजच्या बाजूनं धुकं उतरलेलं, पातीपातीवर दव. बऱ्याच लोंब्या पांढऱ्या आणि ताठ दिसत होत्या. भरलेली लोंबी वाकते. या वाकल्या नव्हत्या, कारण आत दाणाच नव्हता. एक हातात घेतली, मानेपाशी काळपट पट्टा होता, तिथंच मोडली. बांधापलीकडचं भात मात्र पिवळंधमक. शेतमालक म्हणाले, “दव दोघांवर सारखंच पडलं, मग माझंच का गेलं?”

युरियाचा हात सैल सुटला की हा करपा रोग वाढतो, हे तुम्ही जाणताच. पण इथं वाण वेगळे होते. करप्याच्या बुरशीचा बीजाणू ओल्या पातीला चिकटतो, रुजतो आणि एक गोल गाठ धरतो. त्या गाठीत मोटारीच्या टायरच्या सुमारे 40 पट दाब तयार होतो! त्या जोरावर ती पातीची साल फोडून आत शिरते आणि आपली काही प्रथिनं सोडते. ज्या वाणात ती प्रथिनं ओळखणारं जनुक असतं, त्याच्या पेशी तिथल्या तिथे मरून बुरशीची वाट अडवतात. पातीवर टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका उरतो, बस. ओळख पटली नाही, तर दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखी असा डाग पसरतो.

झाडातल्या जनुकाला बुरशीतलं जनुक जोडीला असतं, हे अमेरिकेत हॅरॉल्ड फ्लोर यांनी 1940 च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावरून दाखवलं. भातातलं पीआय 54 हे जनुक ‘टेटेप’ या व्हिएतनामी वाणातलं. आपल्या शास्त्रज्ञांनी ते 2005 साली वेगळं काढलं. पण बुरशीही बदलते. तिचं प्रथिन जरा बदललं की एकट्या जनुकाची ओळख चुकते. म्हणून 2021 च्या ‘पुसा बासमती 1847’ या वाणात पीआय 54 आणि पीआय 2 ही दोन्ही जनुकं घातली आहेत.

शिवारभर एकच वाण लावणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं. चीनच्या युनानमध्ये 1998 पासून रोगाला बळी पडणाऱ्या चिकट भाताच्या ओळी टिकाऊ संकरित भातात लावून पाहिल्या. त्या चिकट भातावरचा करपा 94 टक्क्यांनी घटला. आपल्याकडे माळावर हळवं, खोलगट खाचरात गरवं ही रीत होतीच. ती मोडू देऊ नका.

त्या रोगट खाचरातही हिरव्या मानेच्या, वाकलेल्या दहा-बारा लोंब्या सापडल्या. शेतमालकांनी त्यांना लाल धागे बांधले आणि कापणीआधी वेगळ्या खुडल्या. त्या नशिबानं वाचल्या की अंगच्या गुणानं, हे नुसतं बघून कळत नाही. ते पारखण्यासाठी त्यांचं बी आधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून त्यात बुडवलं, तरंगलेलं फेकलं, तळाचं स्वच्छ धुऊन सावलीत वाळवलं. यंदा त्याची रोपं त्यांनी मुद्दाम झाडाच्या सावलीतल्या कोपऱ्यात लावली आहेत, जिथं दव सगळ्यात उशिरा वाळतं.