नाव एक, कागद चार



‘अपार’ हा शब्द बहुतेकांच्या कानावर आला असेल. विद्यार्थ्याला 12 आकडी क्रमांक मिळतो, शाळेपासून कॉलेजपर्यंत तोच. शाळेची माहिती यू-डायसमध्ये, कॉलेजची क्रेडिट्स ॲकॅडेमिक बँकेत, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये. हे सगळे त्या क्रमांकाने जोडायचे, अशी योजना. कल्पना मला पटते.

भिवंडीत माग थांबले की कुटुंब दुसऱ्या गावी जाते. मुलाचे नाव जुन्या शाळेतून निघते आणि यू-डायसच्या ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये पडून राहते. नव्या शाळेने ते तिथून घेतले तर मूल शिकतेय. नाही घेतले तर, ते रोज वर्गात बसत असले तरी, हिशेबात गळालेले. जोडणी नीट चालली तर अशी मुले सापडतील.

पण जोडणी होते अक्षरांवर, आणि आपली अडचण तिथेच आहे. महाराष्ट्रातली शाळा आडनाव आधी लिहिते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारवर ‘शेख’ शेवटी जातो. इंग्रजीत मोहम्मदचे चार स्पेलिंग, शिवाय ‘एमडी’ हा संक्षेप. मुलीच्या नावामागे कुठे ‘बी’, कुठे ‘बानो’, कुठे काहीच नाही. माणसाला कळते की ही एकच मुलगी. संगणकाला कळत नाही. मी ज्यांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतो, त्यांत हुशार मुलींचे अर्ज एका ‘एच’साठी अडकलेले पाहतो. पूर्वी क्लार्क समजून घ्यायचा, आता पोर्टल घेत नाही.

म्हणून दुरुस्ती शाळेत असतानाच करा. मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या, जनरल रजिस्टरमधले नाव बघून घ्या. शाळा सोडल्यावर हेच काम फार जिकिरीचे होते. आणि आधारवरचे नाव घाईने बदलू नका. ते आयुष्यात दोनदाच बदलता येते. आधी जन्मदाखला आणि शाळेची नोंद एकसारखी करा, मग आधारला हात लावा. सेंटरवाला घाई करेल, करू द्या.

आता भीतीबद्दल. 2019 नंतर आपल्या वस्त्यांत ‘कागद’ म्हटले की छातीत धस्स होते. त्या भीतीला मी हसणार नाही. पण भीतीपोटी मुलाचे नावच कुठे न नोंदवणे म्हणजे त्याचे नुकसान आपणच करणे. अपारसाठी पालकांची संमती लागते. म्हणजे नाही म्हणायचाही हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले आहे की आधार नाही म्हणून शाळाप्रवेश अडवता येत नाही. हे शाळेत शांतपणे सांगता आले पाहिजे. संमतीपत्र पालकसभेत गठ्ठ्याने सह्या घेऊन उरकले जात असेल, तर तुम्ही उभे राहून विचारा: ही माहिती कोण पाहणार? कशासाठी? संमती मागे कशी घ्यायची? अम्मी-अब्बूंना तो कागद मराठीत किंवा उर्दूत वाचून दाखवा, मगच सही.

आज चहाच्या आधी एवढे करू. ज्यांच्याकडे फोनमध्ये दाखला आणि आधार दोन्ही आहेत, त्यांनी शेजाऱ्याला द्या. स्वतःचे नाव आपण वाचत नाही, नुसते बघतो. शेजाऱ्याला अक्षर-अक्षर वाचायला सांगा.