कसरतीचे गुण कसे मोजतात?

पाताळगंगेच्या खोऱ्यातील मोहोपाड्यासारख्या गावी मल्लखांबाचे खेळ झाले, तर त्यांचा निवाडा टाळ्यांनीच होतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी ही विद्या पुनरुज्जीवित केली, ती मल्लांचे शरीर घडविण्यासाठी. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे देशी व्यायामप्रकार दाखविले, तेही प्रात्यक्षिक म्हणूनच. प्रात्यक्षिकास गुणांची गरज नसते, स्पर्धेस असते. डोळ्यांना जे सुंदर दिसते, ते अंकांत कसे उतरवावे, हा मग खरा प्रश्न होतो.

जिम्नॅस्टिक्सच्या पंचांनी दीर्घकाळ दहा हा कमाल अंक मानला. १९७६ साली माँट्रिअल येथे चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला पूर्ण दहा गुण मिळाले. परंतु फलकावर तो अंक दाखविण्याची सोयच नसल्याने १.०० एवढेच उमटले. तथापि या पद्धतीत अतिकठीण कसरत आणि तिच्याहून सोपी पण निर्दोष कसरत, दोन्ही दहाच्याच मर्यादेत कोंडल्या जात. २००४ सालच्या अथेन्स येथील वादानंतर २००६ साली गुणांचे दोन भाग करण्यात आले.

पहिले पंचमंडळ कसरतीचे काठिण्य मोजते. तेथे बेरीज चालते. दुसरे दहापासून आरंभ करून वजाबाकी करते: गुडघा किंचित वाकला, पाऊल थोडे सरकले, अशा लहान चुकीस ०.१, मध्यम चुकीस ०.३, मोठ्या चुकीस ०.५ आणि पडल्यास पूर्ण १ गुण जातो. या पंचांचे सर्वांत मोठे व सर्वांत लहान अंक वगळून उरलेल्यांची सरासरी धरतात; त्यामुळे एखाद्याचा लोभ वा रोष निकालात फारसा उतरत नाही.

२०१६ साली रिओ येथे त्रिपुराच्या दीपा कर्माकरने अंतिम फेरीत प्रोदुनोव्हा ही जोखमीची उडी घेतली. काठिण्याचे ७.० गुण मिळाले. पण उतरताना ती फार खाली बसली व सादरीकरणास ८.२६६ गुण पडले. दोन उड्यांची सरासरी १५.०६६ झाली आणि कांस्यपदक ०.१५० ने हुकले. दोन्ही उड्या मिळून हे अंतर केवळ तीन लहान चुकांएवढे होते!

काठिण्यास गुण मिळू लागले, की कोवळ्या वयात मानेवर बेतणारे धाडस करण्याचा मोहही वाढतो. वजाबाकी करणारा पंच म्हणूनच निष्ठुर नव्हे. उतावळ्या धाडसाला तोच आवर घालतो. मोहोपाड्याच्या प्रेक्षकानेही टाळी वाजविण्यापूर्वी क्षणभर थांबून खेळाडूची पावले जमिनीवर कशी टेकली, ते अवश्य पाहावे.