पेनड्राइव्हमध्ये फाइल होती का नुसता पत्ता?



मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. मृग लागला होता. सोयाबीनच्या बियाण्यासाठी आमच्या गटाला कर्ज हवं होतं आणि शाखेनं तीन वर्षांचा हिशेब छापून मागितला होता. गटाचा हिशेब मी ठेवते, घरी लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरवर. मी फाइल पेनड्राइव्हमध्ये घेतली, म्हणजे घेतली असं मला वाटलं. पेनड्राइव्ह रुमालात बांधला आणि अध्यक्ष काकूंना घेऊन एसटीनं गंगाखेडला गेले. 2023 पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे, पण त्या दिवशी दिवस मात्र पूर्ण गेला.

दुकानातल्या पोरानं पेनड्राइव्ह लावला, फाइलवर दोनदा टिचकी मारली. फाइल उघडेना. तो म्हणाला, "मावशी, यात फाइलच नाही. नुसता शॉर्टकट आहे."

काकू माझ्याकडं बघायला लागल्या. "अगं, तीन वर्षांचा हिशेब गेला का काय?"

हिशेब कुठंच गेला नव्हता. तो घरीच होता. मी सोबत आणला होता तो त्याचा पत्ता.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर काही चित्रांच्या कोपऱ्यात वाकडा बाण असतो. ती फाइल नसते. फाइल कुठं आहे एवढंच त्यात लिहिलेलं असतं: सी ड्राइव्ह, त्यात युजर्स, त्यात लेकीचं नाव, त्यात डॉक्युमेंट्स, त्यात हिशेब. याला पाथ म्हणतात, म्हणजे वाट. दुकानातल्या कॉम्प्युटरलाही सी ड्राइव्ह होताच की. पण मारुतीचं देऊळ प्रत्येक गावात असतं. आमच्या गावात देवळामागचं घर माझं, दुसऱ्या गावात तेच घर दुसऱ्याचं. दुकानातल्या कॉम्प्युटरनं त्याच्या सी मध्ये शोधलं, तिथं लेकीचं नावच नव्हतं.

ओळखायचं कसं? बाण बघा, आणि फाइलचं वजन बघा. शॉर्टकट एक-दोन केबीचा असतो. आमची हिशेबाची फाइल सहाशे केबीच्या वर होती. मी तेवढं बघितलं असतं तर खेप वाचली असती. बाणाच्या चित्रावर उजवं बटण दाबून 'ओपन फाइल लोकेशन' म्हटलं, की तो तुम्हाला खऱ्या फाइलपाशी नेतो. कॉपी करायची ती तिथून.

आता ड्राइव्हच्या अक्षरांचं. पेनड्राइव्ह आमच्या घरी ई म्हणून दिसतो, दुकानात तोच जी म्हणून दिसला. काकूंना वाटलं, पेनड्राइव्ह बदलला. तसं नसतं. विंडोज कॉम्प्युटर पंगतीसारखी जागा देतो. आधी आलेले बसले, पुढचं रिकामं पान तुमचं. पहिली दोन पानं, ए आणि बी, फ्लॉपीसाठी होती. फ्लॉपी गेल्या, पण मोजणी अजून सी पासूनच सुरू होते. म्हणून "फाइल ई मध्ये आहे" असं सांगू नका. पेनड्राइव्हला नाव द्या. आमच्याला गटाचं नाव दिलंय. "गटाच्या पेनड्राइव्हमध्ये, हिशेब फोल्डरमध्ये" असं सांगितलं की कुणालाही सापडतं.

काही शाळांत, कार्यालयांत विंडोज नसतं, लिनक्स असतं. आपल्या सी-डॅकनं केलेलं बॉस हेही त्यातलंच. तिथं सी, डी, ई काहीच नाही. सगळं एकाच मुळापासून फुटतं आणि पेनड्राइव्ह त्याच झाडाची एक फांदी म्हणून नावानिशी दिसतो. वाटेतली रेघही वेगळी. लिनक्समध्ये ती उजवीकडं कलते, विंडोजमध्ये डावीकडं. 1983 साली मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये फोल्डर आले, तेव्हा उजवीकडची रेघ आधीच दुसऱ्या कामाला लावलेली होती, म्हणून त्यांनी उलटी घेतली. झालं, तेव्हापासून दोन घरांच्या दोन रीती.

याचा आपल्याला त्रास एवढाच, की फाइलच्या नावात तारीख लिहिताना तिरपी रेघ चालत नाही. 12-06 असं आडव्या रेघेनं लिहा. प्रश्नचिन्ह आणि दोन टिंबंही टाळा. लिनक्स ती चालवून घेतं, विंडोज घेत नाही. इंग्रजी नाव असेल तर एकच रीत धरा. लिनक्सला मोठ्या अक्षरातलं 'बचत' आणि लहान अक्षरातलं 'बचत' या दोन वेगळ्या फाइली वाटतात, विंडोजला एकच. दोन्ही पेनड्राइव्हवर घ्यायला गेलं की तो विचारतो, जुनी बदलू का? घाईत 'हो' म्हटलं की एक फाइल गेली. ती मात्र खरीच जाते.

मोबाइलमध्ये अक्षरं नाहीतच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल चॅटमध्ये दिसते, पण ती असते फोनच्या आत खोल फोल्डरमध्ये. फोन बदलण्याआधी ती बाहेर काढून ठेवा.

आणखी एक. हिशेबाची एखादी शीट दुसऱ्या फाइलमधून आकडे ओढत असेल, तर दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि अख्खा फोल्डर न्या. निघण्याआधी पेनड्राइव्ह शेजारच्या एखाद्या कॉम्प्युटरला लावून फाइल उघडून बघा. ज्या कॉम्प्युटरवर फाइल केली तिथं बघून उपयोग नाही. तिथं शॉर्टकटसुद्धा खुशाल उघडतो, मी तसंच फसले. काढताना 'इजेक्ट' म्हणा, मगच ओढा.

आमचं काय झालं? दुसऱ्या दिवशी परत गंगाखेड. या वेळी काकूंनी घरीच विचारलं, "वजन बघितलंस का?" सहाशे बारा केबी. छापून झालं, शाखेत दिलं. कर्ज आलं, तोवर आमच्यातल्या दोघींनी बियाणं उधारीवर उचललं होतं. काकू अजून त्या उधारीच्या व्याजाचा आकडा मला मधूनमधून ऐकवतात.