मोटारीतील गादी

श्रोतेहो, आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती वस्तू आपल्यापैकी बहुतेकांनी रोज पाहिलेली असेल. परंतु तिच्याकडे लक्ष देण्याचा प्रसंग क्वचितच कुणावर आला असेल. मोटारीच्या पुढच्या काचेखाली जी आडवी फळी असते तिला आपण डॅशबोर्ड म्हणतो, आणि त्या फळीच्या माथ्यावर रेक्झिनने मढवलेली जी गादी असते, ती ही वस्तू. तिच्यावर कुणी गणपती बसवतो, कुणी टोलच्या पावत्या ठेवतो, कुणी चष्मा विसरतो. ती तिथे मुळात कशासाठी आहे, हा प्रश्न मलाही वयाची साठी उलटेपर्यंत पडला नव्हता. तो पडला आमच्या जुन्या गाडीमुळे.

ही गाडी म्हणजे १९७५ साली माझ्या वडिलांनी पुण्यात घेतलेली प्रीमियर पद्मिनी. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. मूळ घडण इटलीच्या फियाट ११०० ची. पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले. त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मोटार दाराशी येत असे. म्हणून ती आली की तिला कुंकू लागे, नारळ फुटे आणि ती कुटुंबातील एक माणूस होऊन राही. पुढे कारखान्यातून पद्मिनी निघणे थांबले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळीपिवळी टॅक्सीही निरोप घेऊन गेली. आमची मात्र वडिलांच्या पश्चात मालगाडीने लखनौला आली आणि आज वृंदावन योजनेतील माझ्या घरासमोर उभी असते.

वृंदावन योजना हे नाव ऐकून आपल्या डोळ्यांसमोर यमुनेचा काठ येईल, तर तो दूर सारावा. रायबरेली रस्त्यालगत उत्तर प्रदेश आवास एवं विकास परिषदेने वसवलेली ही वसाहत आहे. सरळ रस्ते, क्रमांकांचे सेक्टर आणि अद्याप सावली धरू न शकलेली झाडे, असे तिचे रूप. मे महिन्यात येथे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपारी लू वाहू लागते. माझी गाडी पश्चिमेकडे तोंड करून उभी राहते. काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या मोटारीत काचेखालची ही गादी सत्तर अंशांच्या आसपास तापू शकते. असे पंचवीसहून अधिक उन्हाळे तिने येथे काढले. गेल्या वर्षी पाहतो तो तिला उभ्याआडव्या भेगा पडलेल्या, कडा वर वळलेल्या आणि भेगांतून तपकिरी भुगा डोकावत असलेला.

यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष नव्हे. रेक्झिनचा वरचा थर ज्या प्लास्टिकचा असतो ते जात्याच कडक असते. त्यात तेलासारखे द्रव्य मिसळून ते मऊ केलेले असते, आणि वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग या द्रव्याचा असू शकतो. उष्णतेने ते हळूहळू उडून जाते. जुन्या मोटारीच्या काचेवर आतून जो चिकट धुरकट थर जमतो, त्यात हेच द्रव्य असते. तेल गेले की कातडे आखडते, आणि खाली पत्र्याला चिकटलेले असल्यामुळे आखडायला जागा नसली की फाटते. चामड्याच्या चपलेला वेळच्या वेळी तेल न दिल्यास जे होते, तेच येथे होते. भेद इतकाच की येथे वरून लावलेले तेल आत शिरत नाही.

तरीही मी वर्षभर काही केले नाही. त्याचे कारण सांगायला हवे. त्या गादीच्या कडेला, बरोबर मधोमध, बोटाच्या पेराएवढी अर्धचंद्राकृती खूण आहे. ती माझ्या धाकट्या बहिणीच्या दातांची. १९७६ च्या दिवाळीत आम्ही साताऱ्याला निघालो होतो. पद्मिनीचे पुढचे आसन बाकासारखे सलग. सहा वर्षांची ताई आईवडिलांच्या मध्ये उभी. खंबाटकीच्या घाटात वळणावर अचानक बैलगाडी आली, वडिलांनी ब्रेक दाबला आणि ताई तोंडावर पुढे आपटली. ओठ फुटला, दोन दिवस कपाळ सुजले, एवढ्यावर निभावले. त्यानंतर पन्नास वर्षे घरातील प्रत्येक नव्या माणसाला ती खूण दाखवण्यात आली. अशी गादी उपटून टाकायची म्हणजे घराच्या पोथीचे पान फाडण्यासारखेच होते.

शिवाय एक कायद्याचे कारणही मी मनाशी जुळवले होते. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला की, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येईल. मग मूळ गादी कशाला काढा? लखनौच्या लालबागेत मोटारीच्या सामानाची दुकाने आहेत. तेथून मी एक तयार आच्छादन आणले, भेगांवर पांघरले आणि समाधान मानले.

ते समाधान माझ्या नातीने मोडले. एका संध्याकाळी ती पुढच्या आसनावर बसून खेळत होती. तिने आच्छादनावर कोपर टेकले आणि म्हणाली, “आजोबा, ही गादी टोचते.” मी अंगठा दाबून पाहिला. आच्छादन दबले, त्याखालचे जुने कातडे दबले, आतला भुगा बाजूला सरला आणि अंगठ्याला थेट पत्र्याची कड लागली. वरून गादी होती, आत गादी उरलीच नव्हती.

श्रोतेहो, या गादीचा इतिहास तेव्हा मी वाचून काढला. अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. तेथे क्लेअर स्ट्रेथ नावाचे एक शल्यवैद्य होते. अपघातात फाटलेले चेहरे शिवणे हे त्यांचे काम. तेच गाल, तीच नाके, त्याच ठिकाणी फुटलेली पाहून त्यांच्या ध्यानात आले की माणसाला रस्ता जखमी करीत नाही, त्याच्या समोरची लोखंडी फळी आणि तिच्यावरच्या टोकदार मुठी जखमी करतात. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी हा विषय लावून धरला. क्रायस्लरच्या १९३७ च्या गाड्यांत मुठी आत दबवण्यात आल्या. १९५६ मध्ये फोर्डने गादीची फळी जादा पैसे घेऊन देऊ केली, आणि पुढील दशकात अमेरिकेत तिचा कायदाच झाला. म्हणजे ही गादी शोभेतून जन्मली नाही. ती जन्मली जखमा शिवणाऱ्या हातांच्या अनुभवातून.

तिचे कार्य सोपे आहे. वेगाने आलेला चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक हात मागे घेतो. चेंडू थांबायला जितके अधिक अंतर मिळेल तितका तळहाताला मार कमी. अंतर दुप्पट झाले की सरासरी बळ निम्मे. ताशी चाळीस किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात अकरा मीटर जाते. त्या वेगाने पुढे फेकल्या गेलेल्या डोक्याला ही गादी दोन-तीन सेंटिमीटरांची उसंत देते. उसंत लहान, पण कवटीच्या हिशेबात तिला मोल आहे.

संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्थेचे अपघातग्रस्तांसाठीचे केंद्र आमच्या या वसाहतीतच आहे. रात्री-अपरात्री रुग्णवाहिकांचा आवाज आम्हाला ऐकू येतो. त्या रात्री तो ऐकला आणि मी गादी काढायचे ठरवले.

आता ती काढण्याविषयी. सर्वांत आधी बॅटरीची ऋण तार सोडवावी, कारण फळीमागे तारांचे जाळे असते. जुन्या मोटारींत सामान्यतः गादीच्या तळाशी पत्रा असतो, त्याला आट्यांचे दांडे असतात, ते फळीच्या भोकांतून खाली उतरतात आणि खालून नटांनी आवळलेले असतात. सालागणिक या बांधणीत फरक पडतो, म्हणून आधी पाहावे, मग पाना हाती घ्यावा. नट दिसण्यासाठी सामानाचा कप्पा काढावा लागतो, कधी वेगदर्शकाची तारही सोडावी लागते. गंजलेल्या नटांना आदल्या रात्री तेल सोडावे. निघालेला प्रत्येक नट वेगळ्या डबीत, आणि डबीवर त्याची जागा लिहिलेली. मी आईच्या जुन्या मिसळणाच्या वाट्या वापरल्या. सात वाट्या, सात जागा. काचेच्या कडेला पेचकस घालून उचकटू नये. काच कडेवरच्या एका ठोक्याने जाते.

इतके सारे ठाऊक असूनही मी चुकलोच. गादी तीन बाजूंनी सुटली, चौथ्या बाजूला अडली. मी जोर केला आणि कडेचा बोटभर तुकडा मोडून हातात आला. मागाहून पाहतो तो कप्प्याच्या कोपऱ्यात एक नट राहिलेला. यंत्र अडले तर ते हट्ट करीत नसते. आपलेच काहीतरी राहिलेले असते. हे माझे वडील शंभरदा सांगत आणि मी शंभरदा विसरत असे.

गादी घेऊन मी तेलीबागेत आसने शिवणाऱ्या एका वृद्ध कारागिरांकडे गेलो. त्यांनी तिला उलटी केली, फुंकर मारली आणि भुगा उडालेला पाहून हसले. त्यांनी आसनात घालतात तो मऊ स्पंज पुढे केला. मी नको म्हटले. तो हाताला सुखद, पण डोके आपटले की क्षणात चेपून तळाला जाणारा. आम्ही खाली घट्ट, सावकाश दबणारा फोम बसवला आणि वर पातळ मऊ थर दिला. कातडे काळे, पण बिनचकाकीचे निवडले; चकाकते घेतले तर उन्हात त्याची छाया काचेत पडते आणि रस्ता दिसत नाही. कातडे ताणण्यापूर्वी त्यांनी ते घटकाभर उन्हात टाकले. लखनौच्या उन्हाचा मला झालेला हा पहिला उपयोग.

जुन्या कातड्याचे काय करावे, हे विचारायला मी पुण्याला ताईला दूरध्वनी केला. मला वाटले, तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, “दादा, मी आपटले तेव्हा तिथे मऊ होते म्हणून आज तुझ्याशी बोलते आहे. तुझ्या नातीसाठीही ते मऊ असू दे. खूण हवी तर कापून ठेव.”

गादी बसवताना मी नट आधी सारे हाताने फिरवले, मग मधून कडांकडे थोडे थोडे आवळले. एकच बाजू आधी आवळली तर दुसरी उचलली जाते. नवी गादी बसली, अंगठा दाबला, पत्रा लागला नाही. त्याच आठवड्यात पुढच्या आसनांना पट्टेही लावून घेतले, कारण गादी ही शेवटची उसंत आहे, पहिले रक्षण नव्हे. लहान मुलांची जागा मागेच. १९७६ साली आम्हाला हे कळत नव्हते. आज न कळण्याला सबब नाही.

आता माझी गाडी ‘मूळ स्वरूपात’ आहे काय? अधिकारी काय ठरवायचे ते ठरवोत. मला एवढे उमगले की, वस्तू जपणे म्हणजे केवळ तिचे कातडे जपणे नव्हे. पन्नास वर्षांपूर्वी त्या गादीचे जे काम होते ते आज ती पुन्हा करू लागली आहे, आणि तेच तिचे मूळ स्वरूप असे मी मानतो. तो अर्धचंद्राचा तुकडा मी कापून सामानाच्या कप्प्यात ठेवला आहे. नात कधी कधी तो बाहेर काढते आणि त्या खुणेशी आपले दात जुळवून पाहते.

आपल्या घरीही जपून ठेवलेले पुष्कळ काही असेल. एकदा अंगठा दाबून पाहावा, एवढेच माझे सांगणे.