चिरुटांची डबी



आज पदवीधर झालेल्या तुमच्यातल्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एक प्रश्न हमखास सोडवला असेल : अमुक वस्तू कशाचं प्रतीक आहे? गाइडमधलं उत्तर एका ओळीचं असतं. दिवा म्हणजे आशा, पिंजरा म्हणजे बंधन. गुण मिळतात, कादंबरी निसटते.

फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ घ्या. गावात वैद्यकी करणारा शार्ल आणि त्याची बायको एमा एका मार्किसच्या हवेलीतल्या नृत्यसमारंभाहून परतताहेत. वाटेत शार्लला रेशमी कडेची, वर घराण्याचं चिन्ह असलेली डबी सापडते. आत दोन चिरूट. रात्री जेवणानंतर होतील, एवढंच त्याला सुचतं. थुंकत थुंकत एक ओढतो आणि गार पाणी प्यायला पंपाकडे धावतो. एमा डबी उचलून कपाटात भिरकावते. पुढे तो बाहेर गेला, की तीच डबी घडीच्या कपड्यांतून काढून अस्तराचा वास घेत बसते. नवऱ्याला डबीत चिरूट दिसले, हिला पॅरिस.

फ्लोबेर एमाच्या मनात शिरून पुष्कळ सांगतोही. पण या नवरा-बायकोतलं अंतर मला कळलं ते या डबीमुळे.

लग्नातल्या पुष्पगुच्छाचं तर विचारूच नका. नवी नवरी म्हणून एमा घरात येते, तेव्हा शार्लच्या मृत पहिल्या बायकोचा गुच्छ तिथेच असतो. तो ओशाळून माळ्यावर नेतो. हिच्या मनात येतं, मी मेले तर माझ्या गुच्छाचं काय करतील? मग गाव सोडायच्या तयारीत खण आवरताना तिच्या बोटाला तिच्याच गुच्छाची तार टोचते. फुलं धुळीनं पिवळी पडलेली. ती गुच्छ आगीत टाकते आणि जळताना बघत राहते. पुढच्याच वाक्यात कळतं, ती गरोदर आहे. फ्लोबेर दोन्हींची सांगड घालून देत नाही, ती आपल्याला घालावी लागते. इतकी निर्दय मांडणी मी फार थोड्या ठिकाणी वाचली आहे.

आणि ज्याला आपण ठोंब्या समजत आलो, तो शार्ल शेवटी मरतो तेव्हा त्याच्या हातात एमाच्या केसांची बट असते. गाइडमध्ये या बटेचा अर्थ काय देतील, देव जाणे.

कादंबरी नियतकालिकातून आली 1856 मध्ये. 1857 च्या आरंभी लेखकावर अनीतीचा खटला. सरकारी वकील पिनार यांची तक्रार अशी, की या बाईला दोष देणारं एकही पात्र पुस्तकात नाही. त्यांनाही एका ओळीचं उत्तर हवं होतं. न्यायालयानं फ्लोबेरला निर्दोष सोडलं, मात्र निकालपत्रात पुस्तकाची कानउघाडणी करूनच. परीक्षकांची ही तऱ्हा तुमच्यापैकी काहींना परिचयाची असेल.