गाडीची कॉइल का तापते?



मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ साली गेल्या. ॲम्बॅसॅडरचे उत्पादन तर २०१४ सालीच थांबले. तरी गावोगावी अजून कुणाच्या वाड्यात वडिलांची फियाट उभी असते, कुणाकडे पेट्रोलवर चालणारी जुनी जीप असते. अशा गाडीचं एक दुखणं ठरलेलं. सकाळी एका सेल्फात चालू होते, घाट लागला की अडखळते आणि मधेच बंद पडते. बॉनेट उघडून पाहावे, तर कॉइलला हात लाववत नाही. अर्धा तास थांबले की पुन्हा सुरू. मग फिटर म्हणतो, "कॉइल गेली, नवी घाला." नवी घातली, तर चार महिन्यांत तिचीही तीच गत. गाडीत अडलेली बाळंतीण असली, तर त्या अर्ध्या तासाची किंमत काय, हे मी सांगायला नको.

पुष्कळदा या कॉइलवर कुणीतरी जादा भार टाकलेला असतो. तो कुणी टाकला हे न शोधता नवी कॉइल आणणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे.

कॉइल म्हणजे पेल्याएवढा पत्र्याचा डबा. आत लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. एक जाड तारेचे, काहीशे फेऱ्यांचे. दुसरे केसासारख्या तारेचे, हजारो फेऱ्यांचे. डिस्ट्रिब्यूटरमधले, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला डेल्को म्हणतात त्यातले, पॉइंट मिटले की जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह वाहतो व गाभ्यात चुंबकत्व साठते. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, चुंबकत्व ओसरते, आणि बारीक तारेत हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन प्लगवर ठिणगी पडते. बऱ्याच कॉइलींत तेल भरलेले असते. ते उष्णता बाहेर नेते आणि तारांना एकमेकींपासून राखते.

आता हिशेब पाहू. शिक्षक बंधुभगिनींनी तो फळ्यावर जरूर मांडावा. ओहमचा नियम मुलांना इतका जवळून क्वचितच भेटेल. बॅटरी १२ व्होल्टची. साध्या कॉइलच्या जाड तारेचा रोध सुमारे ३ ओहम. म्हणजे प्रवाह ४ अँपिअर आणि उष्णता ४८ वॅट. दुसऱ्या जातीच्या कॉइलचा रोध याच्या निम्मा, सुमारे दीड ओहम. तिच्या वाटेत पांढऱ्या चिनीमातीच्या ठोकळ्यात बसवलेला, किंवा वायरीतच दडवलेला, तेवढाच रोध ठेवतात. त्याला बॅलास्ट म्हणतात. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब खाली येतो, तेवढ्यापुरता बॅलास्ट वगळून कॉइलला थेट वीज देतात. इंजिन सुरू झाले, की प्रवाह पुन्हा बॅलास्टमधून.

खरी मेख इथेच आहे. बॅलास्ट तुटला, की घाईत कुणीतरी वायर सरळ जोडून देतो. गाडी लगेच सुरू होते, मालक खूष, फिटरही खूष! पण आता पॉइंट मिटलेले असताना दीड ओहमच्या कॉइलमधून ८ अँपिअर जातात आणि उष्णता होते ९६ वॅट. शंभराचा दिवा पेल्यात कोंडल्यासारखेच ते. तारेवरचे वार्निश करपते, ठिणगी आतल्या आतच उडू लागते, पॉइंटही जळतात. दुकानातून दुसऱ्या जातीची कॉइल आणून बसवली, तरी हाच प्रकार. ६ व्होल्टच्या जुन्या गाडीला १२ व्होल्टची बॅटरी बसवून कॉइल तीच ठेवणारेही आहेत, त्यांचीही गत निराळी नाही.

म्हणून नवी कॉइल घेण्यापूर्वी वायरी सोडवून तिच्या दोन लहान टोकांमधला रोध मीटरने मोजावा. ३ च्या आसपास आला, तर बॅलास्ट नको. दीडच्या आसपास आला, तर हवाच.

दुसरं कारण आपल्या सवयीचं. इंजिन बंद, पण चावी चालू. पॉइंट नेमके मिटलेले राहिले, तर प्रवाह सारखा वाहतो. गाडी चालू असताना पॉइंट मधूनमधून उघडतात, तेवढी उसंत कॉइलला मिळते. इथे तीही नाही. रेडिओसाठी वेगळी चावी नसलेल्या गाडीत बसून, आमचे भाषण ऐकायलासुद्धा, चावी चालू ठेवू नये!

मात्र कॉइल गरम लागली म्हणजे बिघडलीच, असेही नाही. इंजिनाशेजारी ती तापणारच. शिवाय घाटात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडला, तरी गाडी अशीच थांबते आणि निवल्यावर चालू होते. तेव्हा गाडी बंद पडल्या पडल्या, निवण्यापूर्वीच, ठिणगी पाहावी. जादा प्लग वायरीला लावून त्याचे अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवावे. कार्बुरेटरपासून दूर, कुठे पेट्रोल सांडलेले नाही हे पाहून, आणि उघड्या हाताने न धरता. मग दुसऱ्याने सेल्फ मारावा. ठिणगी निळी, कडक असली, तर पेट्रोलकडे वळा. ओले फडके पंपावर टाका. पिवळी, मरगळलेली असली किंवा मुळीच नसली, तर दोष विजेकडे. तिथेही आधी कंडेन्सर बदलून पाहावा. तो स्वस्त असतो, आणि तापल्यावर कॉइलसारखाच दगा देतो. ओले फडके कॉइलवर मात्र टाकू नये. तिच्या तोंडाशी पाणी गेले, तर ठिणगी प्लगपर्यंत न जाता बाहेरच्या बाहेर पळते.